मुलांच्या वहिवाटीची सकाळ

अमेरिकेतील दूरचित्रवाणीचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार शनिवारच्या सकाळीला स्वतंत्र प्रकरण देतात, आणि ते योग्यच आहे. कारण १९५५ च्या डिसेंबरात सीबीएस या प्रक्षेपणसंस्थेने 'मायटी माउस' या पराक्रमी उंदराची चलच्चित्रे शनिवारी सकाळी दाखवावयास प्रारंभ केला, तेव्हापासून जवळजवळ साठ वर्षे त्या देशातील मुलांनी ही वेळ आपल्या हक्काची मानली, आणि त्यांच्या आईवडिलांनीही ती तशीच मानू दिली. मुंबईत मात्र शनिवारची सकाळ मुलांची कधीच नव्हती. ती शाळेची होती. गिरगाव-दादरपासून परळ-लालबागपर्यंतच्या मराठी शाळांतून शनिवारी सकाळी अर्ध्या दिवसाची शाळा भरे, आणि पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलांचे लोंढे त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर रस्त्यावर दिसत.

मग मुंबईच्या मुलाच्या मालकीची वेळ कोणती होती? ती त्याला कोणी दिली, आणि ती आज त्याच्यापाशी शिल्लक आहे काय? या प्रश्नांचा माग घेत गेले असता वरळीच्या दूरदर्शन केंद्राच्याही कितीतरी मागे, गिरणगावच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासापर्यंत जावे लागते. बालकार्यक्रमांची वेळ निर्मात्यांच्या मर्जीने ठरते असा आपला समज असतो. वस्तुतः समाजाच्या हजेरीपटात जी जागा मोकळी राहते, तीच मुलांच्या वाट्याला येते. अमेरिकेतही तसेच घडले. हेन्री फोर्ड याने १९२६ साली आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, १९३८ च्या कायद्याने आठवड्याच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली, आणि शनिवारी श्रमिकही घरी व मुलेही घरी अशी अवस्था आली, तेव्हा कोठे त्या दिवसाच्या सकाळी मुलांसाठी काही दाखवावे हा विचार व्यवहार्य झाला.

लोखंड्यांचा रविवार

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साप्ताहिक सुटी अशी नव्हतीच. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालणाऱ्या यंत्रांपुढे स्त्रिया, पुरुष आणि मुलेही उभी असत. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून जो अर्ज सरकारपुढे ठेवला, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या होत्या, आणि त्यातील पहिलीच मागणी रविवारी पूर्ण दिवस विश्रांती मिळावी ही होती. सहा वर्षे हा लढा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे दहा हजारांच्या आसपास कामगार जमले; स्त्री कामगारांनीही त्या सभेत भाषणे केली; आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला सरकारी आधार मिळाला.

रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून आमच्या लोकांना तोच हवा, असेही लोखंड्यांच्या मागणीचे एक कारण सांगितले जाते. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की मुंबईच्या मध्यभागी, भोंग्याच्या आवाजावर जगणाऱ्या वस्तीत, आठवड्यातून एक सकाळ अशी निर्माण झाली की जिच्यावर मुकादमाचा अंमल चालत नव्हता. पुढे शंभर वर्षांनी ज्या सकाळी लालबागच्या चाळींतील मुले दूरचित्रवाणी संचापुढे मांडी घालून बसली, ती सकाळ त्यांच्या पणज्या-पणजोबांनी सह्या करून आणि अंगठे उठवून मिळवलेली होती. हा ऋणानुबंध आपण सहसा ध्यानी घेत नाही, म्हणून तो येथे प्रारंभीच नोंदविणे मला अगत्याचे वाटते.

पडद्यापूर्वीचा रंगमंच

दूरचित्रवाणी आली ती काही ओसाड भूमीवर आली नाही. मुलांसाठी मोठ्यांनी गंभीरपणे परिश्रम करावेत ही जाणीव मुंबईच्या मराठी समाजात तिच्याआधीच रुजली होती, आणि तिचे उगमस्थान गिरगावात होते. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने 'लिटल थिएटर' ही बालरंगभूमी उभी केली आणि रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' हे नाटक रंगमंचावर आणले. मुलांच्या नाटकालाही मोठ्यांच्या नाटकाइतकेच नेपथ्य, प्रकाशयोजना आणि तालमी हव्यात, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. तिच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकातील चेटकिणीच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकरांनी बालप्रेक्षकांना असे काही घाबरविले आणि हसविले की ती चेटकीण एका पिढीच्या स्मरणात कायमची राहिली. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली उभे राहिल्यावर सुटीतील बालनाट्य हा मध्यमवर्गीय मुंबईकर कुटुंबांचा परिपाठच होऊन बसला.

ज्यांना तिकीट परवडत नसे त्यांच्यासाठी आकाशवाणी होती. मुंबई केंद्राच्या 'कामगार सभे'साठी गिरणगावातील मोठी माणसे कान देत, आणि मुलांसाठी 'गंमत-जंमत' असे. गृहिणींसाठी, शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी आणि मुलांसाठी दिवसाचा ठराविक भाग राखून ठेवण्याची ही आकाशवाणीची पद्धत पुढे दूरदर्शनने जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

वरळीची संध्याकाळ

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. दिल्लीत १९५९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण चालू होते. त्यानंतर देशातील दुसरे केंद्र मुंबईला लाभले. प्रारंभीचे प्रक्षेपण संध्याकाळचे आणि मर्यादित तासांचे होते, आणि त्या मोजक्या तासांतही मुलांचा वाटा काढून ठेवलेला होता, ही गोष्ट आज विशेष वाटते. तो वाटाही एका भाषेत नव्हता. मराठी मुलांसाठी 'किलबिल', गुजराती मुलांसाठी 'संताकूकडी', हिंदीत 'खेल खिलौने' आणि इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प' असे चार भाषांतील कार्यक्रम एकाच केंद्रावरून होत. गिरगावात भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मराठी आणि गुजराती बिऱ्हाडांतील मुले एकमेकांचे कार्यक्रम पाहत असत. कारण पाहावयास दुसरी वाहिनीच नव्हती. शेजारधर्माचे हे शिक्षण कोणी योजून दिलेले नव्हते, परंतु ते मिळाले खरे.

'किलबिल'चे स्वरूप साधे होते. गोष्ट, गाणे, बाहुल्या, हस्तकला, छोटेसे नाट्य. आणि शहरातील शाळांतून आलेली मुलेच पडद्यावर. तंत्राचा डौल त्यात नव्हता. पण मुलांशी मराठीत, आणि मुलाच्या वयाचा मान राखून बोलणारी माणसे त्यात होती. बालनाट्याने घडविलेली कलावंत मंडळी आणि आकाशवाणीने घडविलेली लेखक मंडळी केंद्राला हाताशी होती. चि. वि. जोशींच्या चिमणरावाला सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जेव्हा पडद्यावर आणले गेले, तेव्हा चिमणराव झाले ते चेटकीण साकारणारे तेच प्रभावळकर, आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. ती मालिका मुलांसाठी म्हणून काढलेली नव्हती, तरी मुलांनी ती आपली मानली. चांगल्या कौटुंबिक विनोदाचे हे लक्षणच होय.

संच मात्र थोड्यांच्या घरी होता. तो बाळगावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, वर्षाची फी भरावी लागे, आणि ही परवान्याची तजवीज ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू राहिली. त्यामुळे लालबाग-परळच्या चाळीत ज्या एका बिऱ्हाडी संच येई, त्या बिऱ्हाडाची खोली त्या वेळेपुरती सार्वजनिक होई: मुले पुढे जमिनीवर, बायामाणसे मागे, आणि पुरुष दाराबाहेर गॅलरीत उभे. आठ-दहा वर्षांची वीस-पंचवीस मुले एका वेळी एकच गोष्ट पाहत आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर आधारलेला खेळ चाळीच्या चौकात रंगे. आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमाने तर प्रेक्षकांची मंडळे स्थापन करून हे सामूहिक पाहणे विधायक कार्याकडे वळविले होते. ज्या वस्तीत गणेशोत्सवाची मंडळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिला दूरचित्रवाणीही मंडळी जमवूनच पाहावयाची हे शिकवावे लागले नाही.

पेडर रोडवरील चित्रशाळा

बालकार्यक्रमांमधील मोकळ्या मिनिटांत एक लघुपट वारंवार दाखविला जाई, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली काढलेला 'एक अनेक और एकता' हा तो लघुपट. त्याची दिग्दर्शिका विजया मुळे, जन्माने मुंबईच्या. त्याची रेखाटने व चलच्चित्रण भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाईंचे, आणि त्यातील बालस्वर साधना सरगम यांचा, ज्या त्या वेळी स्वतःच बालिका होत्या. पारध्याच्या जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांची पंचतंत्रातील कथा एका मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला सांगावी, एवढेच त्याचे कथानक. परंतु सात मिनिटांच्या त्या चित्राने ऐक्याची कल्पना भारतातील कोट्यवधी मुलांच्या मनात जितकी खोल उतरविली, तितकी अन्य कोणत्याही पाठ्यपुस्तकाने उतरविली असेल असे मला वाटत नाही.

या चित्रशाळेचा पायाही उल्लेखनीय आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात १९५६ च्या सुमारास डिस्ने संस्थेतील क्लेअर वीक्स यांनी येऊन भारतीय चित्रकारांना चलच्चित्रणाचे धडे दिले. राम मोहन त्याच विभागात घडले आणि पुढे भारतीय चलच्चित्रणाचे अध्वर्यू म्हणून मान्य झाले. म्हणजे मुंबईत बालरंगभूमीची परंपरा होती, लेखक होते, संगीतकार होते आणि चलच्चित्र काढणारे प्रशिक्षित हातही होते. तरीही मराठी मुलांसाठी सातत्याने चालणारी चलच्चित्रमालिका या शहरात त्या काळी उभी राहिली नाही. साधने होती, त्यांना एकत्र आणणारा नियमित निधी आणि त्यासाठी लागणारी संस्थात्मक इच्छा नव्हती.

रंगीत पडदा आणि रविवारची सकाळ

१९८२ हे वर्ष या कथेत दोन अर्थांनी निर्णायक ठरले. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि गिरणगावचे जे जीवन भोंग्याने बांधलेले होते ते कायमचे विस्कटले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण आणि देशभर एकाच वेळी दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्या चाळींतून पगार थांबला होता, त्या चाळींवर हळूहळू ॲन्टेना उभे राहत होते. मुलांना त्या दोन घटनांचा संबंध कळण्याचे वय नव्हते. मोठ्यांना मात्र आठवड्याचे सातही दिवस रिकामे झाल्यावर रविवारची किंमत कळली.

राष्ट्रीय कार्यक्रमाबरोबर भाषा बदलली. मुलांसाठीचे आकर्षक कार्यक्रम आता बहुशः हिंदीतून येऊ लागले. रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' ही मालिका १९८५ मध्ये आली. तिच्यात विक्रम झालेले अरुण गोविल पुढे २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊ वाजता श्रीराम म्हणून घराघरांत गेले. 'रामायण' आणि त्यापाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झालेले 'महाभारत' यांनी रविवारची सकाळ अशी काही व्यापली की रस्ते ओस पडत. या दोन मालिकांनी सर्व वयांच्या प्रेक्षकांना त्या वेळी संचापुढे बसण्याची सवय लावली, आणि त्या सवयीचा लाभ नंतर मुलांना मिळाला. १९९३ साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन संस्थेची 'जंगल बुक' ही मालिका हिंदी रूपात रविवारी सकाळी आली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, आणि शेरखानाला मराठी रंगभूमीवर घडलेल्या नाना पाटेकरांचा आवाज. मोगलीची ती सकाळ हा भारतीय मुलाच्या वहिवाटीचा सर्वोच्च काळ होय.

मराठीत या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' राजदत्तांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आला आणि जॉय घाणेकर या बालनटाने तो घरोघरी पोहोचविला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुमित राघवन यांच्या रूपाने दिसला. ही दोन्ही पात्रे मराठी बालवाङ्मयातून थेट आलेली होती. ज्या भाषेत लिहिलेला मुलगा आहे, त्याच भाषेत पाहिलेला मुलगा उभा राहतो, हा त्यातील धडा होता. तो पुढे गिरवला गेला नाही.

शनिवारचा एकमेव प्रयोग

अमेरिकेतील शनिवार आणि आपला शनिवार यांची प्रत्यक्ष तुलना करण्याची संधी इतिहासाने एकदा दिली. मुकेश खन्ना यांची 'शक्तिमान' ही मालिका १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली, आणि तो दिवस शनिवार होता. योगायोग असा की बरोबर अठ्ठावीस वर्षांपूर्वी, १३ सप्टेंबर १९६९ च्या शनिवारी, अमेरिकेत 'स्कूबी-डू'चा पहिला भाग झाला होता. तेथे तो दिवस मुलांना मोकळा होता. येथे सकाळचे प्रक्षेपण चालू असता मुले वर्गात होती, किंवा असावयास हवी होती. मुले शाळा बुडवून मालिका पाहतात, अशा तक्रारी आल्याचे खन्ना यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. अखेर मालिका रविवारी हलविण्यात आली. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्यासाठी दूरदर्शनला द्यावयाचे वेळेचे शुल्क पूर्वीच्या दुपटीहून अधिक झाले; परंतु रविवारी दुपारी बारा वाजता ती मालिका मुलांच्या जीवनाचा भाग झाली आणि २००५ पर्यंत टिकली.

शक्तिमानाच्या अद्भुत शक्तीलाही शाळेच्या घंटेवर मात करता आली नाही, यात मला या सर्व इतिहासाचे सार दिसते. एका दिवसाचे मोल कोणत्याही नायकाच्या लोकप्रियतेवर अवलंबून नसते. तो दिवस मुलाला मोकळा आहे की नाही यावरच ते अवलंबून असते. १८९० सालच्या कामगारांनी रविवार मागितला होता, आणि एकशेसात वर्षांनंतरही मुंबईचे मूल रविवारीच सापडत होते.

वहिवाट मोडली ती कशी

ज्या अमेरिकेत ही प्रथा फोफावली, तेथेच ती आधी सुकली, आणि तिची कारणे आपणही समजून घ्यावीत. साठच्या दशकात सीबीएसचे फ्रेड सिल्व्हरमन यांनी शनिवारची सकाळ वीरनायकांच्या चलच्चित्रांनी भरून टाकली. हॅना-बार्बेरा संस्थेने थोड्या रेखाटनांत भागविण्याची स्वस्त पद्धत रूढ केली. आणि साखरेने माखलेली न्याहारी व खेळणी विकणाऱ्या जाहिरातदारांना एकाच जागी जमलेले बालग्राहक मिळाले. याविरुद्ध १९६८ साली पेगी चारेन यांनी पालकांची संघटना उभारली. तिच्या दीर्घ प्रयत्नांतून १९९० चा बाल-दूरचित्रवाणी कायदा झाला, आणि १९९६ च्या नियमाने आठवड्याला तीन तास शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचे मानक घालून दिले. दरम्यान केबलवरील दिवसभराच्या बालवाहिन्यांनी प्रेक्षक पळविले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये मुक्त प्रक्षेपणावरील शेवटचा शनिवारचा चलच्चित्र-विभाग बंद झाला.

आपल्याकडे हाच क्रम अधिक वेगाने घडला. १९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आले. पाठोपाठ निकेलोडियन, आणि २००४ मध्ये पोगो, हंगामा व डिस्ने या वाहिन्या आल्या. लालबागच्या चाळींचे मनोरे होऊ लागले, आणि मनोऱ्यातील प्रत्येक घरात स्वतंत्र संच आला. चोवीस तास उपलब्ध असलेल्या गोष्टीची वाट पाहावी लागत नाही. आणि ज्याची वाट पाहावी लागत नाही, ते एकत्र जमून पाहिलेही जात नाही. मराठी वाहिन्या वाढल्या, पण त्यांनी मुलाला प्रेक्षक मानण्याऐवजी स्पर्धक मानले. झी मराठीवरील 'सारेगमप'च्या लिटल चॅम्प्सनी २००८-०९ मध्ये सारा महाराष्ट्र भारावून टाकला, आणि त्या मुलांचे गाणे खरोखरच उच्च कोटीचे होते; परंतु तेथे मुले गात होती आणि मोठी माणसे ऐकत होती. मुलांसाठी मोठ्यांनी गावे, गोष्ट सांगावी, बाहुली नाचवावी, हा जो 'किलबिल'चा उलट दिशेचा व्यवहार होता, तो मराठी पडद्यावर क्षीण झाला.

हानी केवळ भाषेची झालेली नाही. त्या काळी चित्रमुद्रणाच्या फिती महाग होत्या, आणि एकदा प्रक्षेपण झाले की त्याच फितीवर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची वहिवाट होती; त्यामुळे आरंभीच्या वर्षांतील बराच ठेवा नष्ट झाला. बालनाट्याच्या संहिता छापलेल्या आहेत, 'किशोर' मासिकाचे अंक ग्रंथालयांतून सापडतात. बालदूरचित्रवाणीचे दफ्तर मात्र विरळ आहे, आणि ज्यांनी ती घडविली व पाहिली, त्यांची पिढी आता वृद्धत्वाकडे झुकली आहे.

म्हणून या लेखाच्या शेवटी काही मागणी करणे मला कर्तव्य वाटते. सह्याद्री वाहिनीने रविवारच्या सकाळी एक तास मुलांसाठी राखून ठेवावा. त्यात अनुवाद नसावा, मराठीत मूळ लिहिलेली गोष्ट, नाटक आणि चलच्चित्र असावे. आणि या शहरातील बालनाट्य संस्था, चित्रकार व लेखक यांना त्यासाठी नियमित मेहनताना मिळावा. प्रेक्षकसंख्येच्या हिशेबावर तो तास मोडीत काढू नये, कारण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने ज्यांच्यापाशी मत नाही आणि पैसाही नाही अशा प्रेक्षकांचा वाटा प्रथम काढावयाचा असतो. जुन्या कार्यक्रमांच्या ज्या फिती शिल्लक असतील त्यांचे जतन करून त्या जनतेला खुल्या कराव्यात. आणि वाचकांपैकी ज्यांनी 'किलबिल'मध्ये भाग घेतला असेल, ज्यांच्या घरी त्या प्रसंगाचे छायाचित्र, निमंत्रणपत्र वा हस्तलिखित असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ न देता एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे. गिरणी कामगारांनी सहा वर्षे झगडून एक दिवस मिळविला. त्या दिवसातील एक तास मुलांसाठी मागणे अधिक होणार नाही.